हळदीवर चढलेला कुंभार्ली घाट

माणदेशातला माणूस कोकणात उतरला, की त्याची नजर आधी पाण्यावर जाते, नारळ-पोफळी नंतर. जन्मभर आभाळाकडे पाहिलेल्या डोळ्यांना दुसरे काय दिसणार? आम्ही २०२३ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस कोकणात जाऊन आलो. पाणी पुष्कळ पाहिले. पण पाण्याची खरी किंमत कळली ती परतीच्या वाटेवर, घाटात, गाडीच्या रेडिएटरपुढे उभे राहून. ज्यांच्या दारात जुनी जीप, टेंपो किंवा ट्रॅक्टर उभा आहे, त्यांना उपयोगी पडेल म्हणून ती हकिकत सांगतो.

आमची गाडी म्हणजे वडिलांनी १९८६ साली घेतलेली डिझेलची जीप. त्या वर्षी कांद्याचे बरे पैसे झाले होते. या गाडीने आमच्या घरची तीन लग्ने केली, आजारी माणसे साताऱ्याला पोचवली, बी-बियाणे आणले. पंधरा वर्षे झाल्यावर नोंदणी नव्याने करून घेतली, पुढेही वेळच्या वेळी करत आलो. वडील गेले, गाडी राहिली. पण धाकट्या बंधूंचे म्हणणे वेगळे. "दादा, आता हिला मोडीत घाला. तिच्या वजनाचे पैसे येतील. थोडं कर्ज काढू आणि नवा पिकअप घेऊ."

त्यांचे अगदीच चुकत होते असे नाही. शेवटी मी म्हणालो, "विहिरीजवळच्या दीड एकरात आंबा लावायचा आहे. कलमं आणायला कोकणात हीच गाडी नेतो. दमली, तर तू म्हणशील तसं."

अशी पैज लागली आणि आम्ही निघालो. मी, आमची मंडळी, आई आणि मेहुणे.

दापोलीहून परत

दापोलीला १९७२ पासून कोकणचे कृषी विद्यापीठ आहे. त्या परिसरात फळझाडांच्या रोपवाटिका पुष्कळ. एका रोपवाटिकेत दोन तास हिंडून साठ कलमे निवडली. बहुतेक केशर आणि थोडी 'रत्ना'. हापूस आणि नीलम यांच्या संकरातून काढलेली ही जात. आमच्याकडे कशी येते ते पाहू म्हटले. पिशव्यांतली कलमे मागच्या बाकांमध्ये दाटीने उभी केली. आईच्या पायाशी कलमे, मेहुण्यांच्या मांडीवर कलमे. गाडीत आंब्याच्या कोवळ्या पानांचा वास भरून राहिला.

खेडवरून महामार्गाला लागलो. चिपळूणच्या अलीकडे डोंगरावर परशुरामाचे देवस्थान आहे. मागच्या बाजूस रेणुकामातेचे देऊळ. आईने तेथे ओटी भरली. उरलेली हळदीची पुडी तिने पिशवीत नीट बांधून ठेवली. त्या पुडीचे काम पुढे यायचे होते.

परशुराम घाट उतरताना एका वळणावर अचानक एक गाय आडवी आली. मी जोराचा ब्रेक मारला. गाय वाचली. त्याच वेळी बॉनेटखाली 'खर्रर्र' असा आवाज झाला आणि लगेच थांबला. मेहुणे म्हणाले, "दाजी, काय वाजलं?" मी म्हणालो, "जुनी गाडी आहे, वाजायचंच." वाचकहो, या एका वाक्याने पुढचे सगळे रामायण घडले.

पाण्याने भरलेला डोंगर

चिपळूणला वाशिष्ठीच्या पुलावर आलो. ऐन मे महिन्यात नदी वाहत होती. आईने गाडीतूनच हात जोडले आणि नदीलाच म्हणाली, "बाई, एवढं पाणी घेऊन समुद्राकडं कशाला गं चाललीस?"

या पाण्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. कोयना ही तशी देशावरची नदी. महाबळेश्वरला उगम पावून ती दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. १९६४ साली पुरे झालेल्या कोयना धरणाने तिला अडवले. तेथले पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पश्चिम कड्याकडे आणून खाली सोडतात. त्या जोरावर पोफळीला डोंगराच्या पोटातल्या वीजघरात जनित्रे फिरतात. काम झालेले पाणी वाशिष्ठीत जाते. म्हणून चिपळूणची नदी उन्हाळ्यातही ओली. हीच नदी पावसाळ्यात रौद्र होते. २०२१ च्या जुलैत तिने चिपळूणच्या बाजारपेठेत काय हाहाकार केला, ते तिथले दुकानदार अजून सांगतात.

शिरगाव गेले, पोफळी गेली आणि कुंभार्ली घाट सुरू झाला. दुपारचा एक वाजला होता. दुसऱ्या गिअरमध्ये जीप कण्हत चढत होती. एका बाजूला कडा, दुसरीकडे खोल दरी, ऊन डोक्यावर. तापमानाचा काटा वर्षभर एकाच जागी झोपलेला. तो दुरुस्त करू करू म्हणत राहून गेला होता. निम्मा घाट चढलो असू. बॉनेटच्या फटीतून पांढरा धूर येऊ लागला. धूर नव्हे, वाफ. पाठोपाठ ओल्या गरम लोखंडाचा वास. वळणाच्या आत जागा बघून गाडी बाजूला घेतली, चाकांना दगड लावले आणि बॉनेट उघडले.

मेहुणे उतावळे. खांद्यावरचा टॉवेल हाताला गुंडाळून ते रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात आमची मंडळी ओरडली, "अहो, थांबा! कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकण काढता का कधी?"

मेहुण्यांचा हात जागीच थांबला. पुढे कराडला मिस्त्रींनी सांगितले, की बाईंनी त्या दिवशी तुमच्या भावाचे तोंड वाचवले. रेडिएटरचे झाकण कुकरसारखेच असते. आत दाब धरल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवले, की दाब एकदम सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि उकळते पाणी कारंज्यासारखे उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. अशाने भाजलेली माणसे आपण पाहिली असतील. तेव्हा घाई कितीही असो, अर्धा तास थांबावे. वरच्या पाइपाला हात लावून तो सोसवतो का पाहावे आणि मगच जाड ओले फडके ठेवून झाकण आधी थोडेसेच फिरवावे.

आम्ही थांबलो. अर्ध्या तासाने झाकण काढले, तर आत पाण्याचा थेंब दिसेना. गाडीत प्यायच्या पाण्याच्या दोन बाटल्या. डोंगराच्या पोटात लाखो लिटर पाणी धावते आहे, आणि आमच्या हातात दोन बाटल्या! मागे साठ कलमांची पाने मान टाकू लागलेली. आई पदराने त्यांना वारा घालत बसली. मला बंधूंचे शब्द आठवू लागले.

सांगलीचा ट्रकवाला

घाट उतरणारा एक ट्रक आमच्यापाशी थांबला. सांगलीकडचे गृहस्थ, कांदे घेऊन चिपळूणला चाललेले. खाली उतरून त्यांनी काहीही न विचारता आधी रेडिएटरची जाळी न्याहाळली.

"पाव्हणं, पंख्यानं जाळी खाल्ली की ओ!"

खरेच, पंख्याच्या पात्याने जाळीवर कमानीसारखा ओरखडा काढला होता. त्या ओळीतल्या तीन नळ्या फाटल्या होत्या. त्यांनी पकड आणली, फाटलेल्या नळ्यांची टोके दाबून दुमडली. मग पाण्याचा मोठा कॅन उतरवला आणि मला गाडी चालू करायला सांगितली. इंजिन हळू चालत असताना धार बारीक धरून पाणी ओतले. म्हणाले, "तापलेल्या तव्यावर गार पाणी टाकलं की तवा तडकतो. इंजिनचं बी तसंच. हेड तडकलं तर मग गाडी मोडीतच."

तरीही दाबलेल्या जागेतून पाणी पाझरत होतेच. त्यांनी विचारले, "हळद हाय का कुणाकडं?"

आईने पिशवीतून रेणुकेच्या ओटीची पुडी काढून दिली. ट्रकवाल्यांनी ती कपाळाला लावली आणि मूठभर हळद रेडिएटरमध्ये टाकली. दहा मिनिटांत पाझर बंद झाला. हळदीचे बारीक कण पाण्याबरोबर फिरतात, फटीपाशी अडकतात आणि फुगून ती बुजवतात. त्यात चमत्कार काही नाही. पण त्या भर उन्हात आम्हाला तो चमत्कारच वाटला. झाकण त्यांनी पहिल्या खाचेपर्यंतच लावले, म्हणजे आत दाब धरणार नाही. "सावकाश जावा. तापली की थांबा. आणि ही हळद कराडपतूर. घरापतूर न्हाई!" एवढे बजावून, कॅन आम्हालाच ठेवून, ते निघून गेले. नाव विचारायचेसुद्धा राहिले.

तीन वेळा थांबत आम्ही घाटमाथा गाठला. वर वारा होता. हेळवाकला कोयनेचे पात्र दिसले तेव्हा जीव भांड्यात पडला. कारण आता उतार होता आणि नदी जवळपास होती. कॅन भरून घेतला, कलमांवरही पाणी शिंपडले. कोयनानगरची पाटी पाहून आईला १९६७ सालच्या डिसेंबरातला भूकंप आठवला. तेव्हा ती लहान मुलगी होती. माणदेशातही पहाटे भांडी वाजली होती म्हणे. पाटण मागे पडले आणि दिवेलागणीला आम्ही कराडात पोचलो.

मिस्त्रींची तपासणी

महामार्गाच्या कडेला रेडिएटरचे काम करणारे एक म्हातारे मिस्त्री भेटले. पत्र्याची शेड, पाण्याचा मोठा हौद, भिंतीला टांगलेल्या तांब्या-पितळेच्या जाळ्या. मी म्हणालो, "मिस्त्री, तीन नळ्यांना डाग द्या आणि आम्हाला मोकळं करा. कलमं सुकताहेत."

त्यांनी उत्तर दिले नाही. इंजिनाला दोन्ही हातांनी धरून हलवले. इंजिन बैलाच्या वशिंडासारखे डुलले.

"कुठं जोराचा ब्रेक मारला हुता का?"

मला परशुराम घाटातली गाय आठवली आणि तो 'खर्रर्र' आवाजही.

"पाव्हणं, तुमचा रेडिएटर आजारी न्हाई, मार खाल्लेला हाय. आजारी हाय ते हे." त्यांनी इंजिनाखालचे रबर दाखवले. इंजिन ज्या रबरांवर बसते, ती कुजून फाटली होती. ब्रेक बसताच इंजिन पुढे झुकले आणि पंख्याने जाळी कापली. "नवा रेडिएटर घालून दिला असता, तर पुढच्या ब्रेकला तो बी फाटला असता."

गाडी सुरू करताना दोन महिने धडधड होत होती. ती मी ऐकत होतो आणि ऐकून सोडून देत होतो.

मग त्यांनी रेडिएटर उतरवला. तोंडे बंद करून आत हवा भरली आणि हौदात बुडवला. पंक्चरवाला ट्यूब बुडवून बुडबुडे पाहतो, अगदी तसेच. त्यासाठी फार हवा लागत नाही; सायकलच्या चाकात असते त्याहूनही कितीतरी कमी दाबाने काम होते. तीन ठिकाणी बुडबुडे आले. एवढ्यावर ते थांबले नाहीत. वरच्या टाकीचा सांधा तापवून ती टाकी वेगळी केली आणि मला बोलावले. आत डोकावलो. अंघोळीच्या बंबाला आतून जसा पांढरा थर बसतो, तसा थर नळ्यांच्या तोंडांवर बसलेला, आणि त्यावर आमच्या हळदीचा पिवळा चिखल.

"बोअरचं पाणी घालता न्हवं?"

दुसरे कुठले घालणार? आमच्या बोअरचे पाणी इतके जड, की त्यात डाळ शिजत नाही. तेच पाणी सदतीस वर्षे या नळ्यांतून उकळत होते.

मिस्त्रींनी तीन वाटा सांगितल्या. पहिली, फाटलेल्या नळ्यांना डाग देणे. तीन नळ्या बंद झाल्याने एरवी फारसे बिघडत नाही. पण येथे निम्म्या नळ्या क्षाराने आधीच बुजलेल्या. गाडी गळणार नाही, पण तापत राहील. सळई घालून नळ्या साफ करता येतात, पण पत्रा इतका झिजला होता की सळईनेच फाटला असता. दुसरी वाट, पितळेच्या दोन्ही टाक्या त्याच ठेवून मधली जाळी नवी बसवणे. तिसरी, अख्खा नवा रेडिएटर आणणे. हल्ली ॲल्युमिनियमच्या जाळीचे आणि प्लॅस्टिकच्या टाक्यांचे रेडिएटर येतात. ते हलके असतात, गारही चांगले करतात. पण टाकी तडकली तर तिला डाग देता येत नाही, बदलावीच लागते. ते म्हणाले, "तुमच्या टाक्या जाड पितळंच्या हायती. अशा आता मिळत न्हाईत. टाकू नका."

"आणि इंजिन?" मी भीत भीत विचारले.

त्यांनी तेलाची कांडी काढून पाहिली. तेलात पाणी उतरलेले नव्हते. "इंजिन शाबूत हाय. थांबून थांबून आलात म्हणून वाचलं."

डाग देऊन रातोरात घर गाठावे, असे मन म्हणत होते. खर्चही कमी. पण घाटातला तो अर्धा तास डोळ्यांपुढे आला. मेहुण्यांचा झाकणाकडे गेलेला हात आठवला. म्हटले, जाळी बदला आणि आधी रबरे बदला. कलमांची चिंता मिस्त्रींच्या घरच्या बाईंनी मिटवली. शेडमागच्या लिंबाखाली त्यांनी साठही पिशव्या ओळीने मांडून घेतल्या आणि झारीने पाणी घातले.

रात्र पाहुण्यांकडे काढली. पहाटे आईला प्रीतिसंगमावर नेले. एका बाजूने कृष्णा, दुसऱ्या बाजूने कोयना. दोघी समोरासमोर येऊन मिळतात आणि एक होऊन पूर्वेला वळतात. जवळच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. आई पाण्यात पाय सोडून बसली. म्हणाली, "निम्मी कोयना तिकडं समुद्राला गेली, निम्मी इकडं आली. आपल्याकडं मात्र थेंब न्हाई."

दुपारपर्यंत काम झाले. नवी जाळी जुन्या टाक्यांत बसवून कथील-शिशाच्या मिश्रणाने सांधे झाळले, पुन्हा हौदात बुडवून पाहिले. एकही बुडबुडा नाही. जुन्या जाळीचे तांबे-पितळ मिस्त्रींनी वजनावर हिशेबात वळते केले. झाकणाचे रबरही बदलले आणि झोपलेला काटा जागा केला. निघताना त्यांनी सांगितलेल्या गोष्टी मी गाडीतच लिहून घेतल्या:

जाळीत बोअरचे पाणी घालू नये. गाळलेले पावसाचे पाणी साठवावे किंवा बॅटरीचे पाणी घ्यावे आणि त्यात डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात कुलंट मिसळावे. कुलंट चवीला गोड असते आणि विषारी असते. सांडलेले किंवा काढलेले कुलंट गुरे, कुत्री, कोंबड्या यांच्या तोंडी लागेल असे ठेवू नये. सकाळी गाडी थंड असताना पाणी पाहावे. पंख्याचा पट्टा आणि पाइप महिन्यातून एकदा हाताने चाचपावेत. जाळीत अडकलेले गवत, किडे, कचरा मागच्या बाजूने पाण्याच्या हलक्या धारेने काढावा. ट्रॅक्टरला तर मळणीच्या दिवसांत हे रोजच करावे. आणि हळद घातली असेल, तर ती लपवून ठेवू नये, मिस्त्रीला सांगावी.

पन्हाळीखालचा कॅन

त्या साली मृग कोरडाच गेला. पाऊस जूनच्या अखेरीस आला, तोही बेताचा. तोवर कलमे गोठ्याच्या सावलीत सांभाळली. साठांपैकी चोपन्न जगली. मेली त्यातली बरीच त्या दिवशी उन्हाच्या बाजूला होती.

पहिला पाऊस पडला त्या संध्याकाळी बंधू ओसरीवर उभे होते. मी घाटातले सगळे, माझ्या चुकीसकट, त्यांना आधीच सांगितले होते. ते म्हणाले होते, "म्हणजे गाडी दमली नव्हती, आपणच तिच्याकडं पाहत नव्हतो." पिकअपचा विषय त्यांनी अजून सोडलेला नाही आणि तो सोडावा असे माझेही म्हणणे नाही, उद्या जास्त माल निघाला तर घ्यावाच लागेल. पण जीप मोडीत घालायची भाषा थांबली आहे.

छपराची धूळ धुऊन गेली आणि पन्हाळीतून स्वच्छ पाणी पडू लागले. तेव्हा बंधूंनी आतून एक कॅन आणला, त्याच्या तोंडाला धोतराचे फडके बांधले आणि पन्हाळीखाली ठेवला. तो सांगलीच्या ट्रकवाल्यांचा कॅन होता. त्यांची गाठ पडली, की भरून परत द्यायचा आहे.